परांजप्यांच्या वहीतली लूट

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही हो. त्याच बसने, त्याच मागच्या सीटवर, त्याच चार माणसांबरोबर रोज सव्वा तास जायचं आणि सव्वा तास यायचं, असं वीसेक वर्षं करून बघा. टिफिनच्या पिशवीच्या तळाशी कोथिंबिरीच्या काड्या साठतात ना, तसे ते साठतात. कितीही झटका, एखादी राहतेच. माझ्या पिशवीत तर अजून ढीग आहे.

आमची बस म्हणजे कंपनीची बस. पेणला रामवाडीहून सुटायची, वडखळ, गडब, नागोठणे करत रोह्यावरून धाटावला. जनरल शिफ्ट. मी लॅबमध्ये होते. बाईमाणूस म्हणून मला खिडकी मिळायची, आणि ती मी एकदाही सोडली नाही. शेजारी परांजपे, टाइम ऑफिसचे. हजेरीपट सांभाळणं हा त्यांचा पोटाचा धंदा, आणि शब्द गोळा करणं हे वेड. खिशात कायम एक लाल पुठ्ठ्याची वही. पलीकडे रोहेकर, बॉयलरवाले. आडनाव रोहेकर, घर पेणला आणि नोकरी रोह्याकडे, त्यामुळे "मी रोज माझ्या आडनावाला भेटायला जातो," असं ते म्हणायचे. बेने इस्राएल लोक, कोकणातले ज्यू, शनिवारी कामाला हात लावायचे नाहीत. रविवारी एकटे बॉयलर सांभाळून भरपाई करायचे. आणि चौथे सुभेदार. ते गडबला चढायचे. फौजेतून रिटायर होऊन आमच्या गेटवर सिक्युरिटीचे हेड झाले होते. बोलायचे कमी, पण बोलले की समोरच्याला उत्तर शोधायला नागोठणं यायचं!

*

सुभेदारांची ओळख सांगायची तर साबणाचा किस्सा सांगायला हवा.

एकदा गडबच्या अलीकडे साबणाने भरलेला ट्रक कलंडला. ड्रायव्हरचा पाय मोडलेला, तो कडेला बसून कण्हतोय, आणि रस्ताभर साबण! पाच मिनिटांत अख्खं गाव हजर. टोपल्या, पदर, छत्र्या, जे हाताला लागेल त्यात साबण. आमच्या बसमधलेही दोघेचौघे उतरले. रोहेकर खिडकीतून म्हणाले, "नलू गो, बघतेस काय, जा की! लॅबवाल्यांना हात धुवायला लागतात."

मी उठणार एवढ्यात सुभेदार दिसले. बसची वाट बघत उभे होते ते, छत्री घेऊन तडक ट्रकजवळ गेले. छत्री आडवी धरली आणि ओरडले, "ट्रक पडलाय, मेला नाय! मालक हाय त्याला!"

गाव त्यांचंच. चुलत-मावस सगळे. कोणी हसलं, कोणी चिडलं, एका म्हातारीने तर "तुज्या बापाचा हाय काय रे?" म्हणून विचारलं. पण हळूहळू लोक मागे सरले. सुभेदार बसमध्ये चढलेच नाहीत. ड्रायव्हरला दवाखान्यात धाडून, मालकाचा दुसरा ट्रक येईपर्यंत दिवसभर तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी परांजप्यांनी हजेरीपटात त्यांच्या नावापुढे लिहिलं : गैरहजर. कारण : साबण.

तरी जायचा तो साबण गेलाच होता म्हणा. त्या वर्षी गडबच्या सगळ्या लग्नांत एकच वास यायचा!

*

गेटवर तर हा माणूस म्हणजे नुसता छळ. सुटताना प्रत्येकाने पिशवी उघडून दाखवायची. साहेबांच्या गाडीची डिकीसुद्धा उघडायला लावायचे. माझी पर्स रोज. हात लावायचे नाहीत, दोन पावलं लांब उभे राहून "दाखवा नलूताई," एवढंच.

एके दिवशी मी उरलेला चिवडा एका कागदात बांधून पर्समध्ये टाकला होता. सुभेदारांनी बघितलं. "कागद कसला?"

"लॅबमधला. गाळायचा कागद. टाकाऊ आहे हो!"

"वापरलेला हाय?"

"वापरलेल्यात चिवडा कोण बांधेल?"

"मंग टाकाऊ कसा? कागद कंपनीचा, चिवडा तुमचा. चिवडा न्या, कागद ठेवा."

मागे पन्नास माणसांची रांग, बस हॉर्न मारतेय, आणि मी गेटवर उभी राहून चिवडा खातेय! रागाने डोळ्यांत पाणी आलं माझ्या. शेवटचा शेंगदाणा तोंडात टाकून मी कागद त्यांच्या हातात आपटला. त्यांनी तो झटकला, नीट घडी केली आणि लॅबला परत पाठवून दिला. मी आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी. हा किस्सा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

आता परांजप्यांची वही. साबणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तीत नवं पान काढलं आणि वर लिहिलं : लूट.

"मूळ संस्कृत," ते सुरू झाले. "लुण्ठ् धातू. त्यावरून लूट, लुटणे, लुटारू. मग गोरे शिपाई इथे लढायला आले. त्यांच्याकडे यासाठी स्वतःचे शब्द होते हो, नव्हते असं नाही, पण त्यांना आपला आवडला. घेऊन गेले. आज त्यांच्या डिक्शनरीत आहे."

"अरे अरे," रोहेकर म्हणाले. "बाकीचं राहू द्या, शब्द तरी परत मागा परांजपे!"

परांजपे थांबणाऱ्यातले नव्हते. वडखळ ते कोलेटी त्यांनी आम्हाला अख्खी लढाई शिकवली. मुलूखगिरी म्हणजे काय, घासदाणा म्हणजे घोड्यांच्या चाऱ्याच्या नावाखाली काय काय उकळायचे, स्वराज्यात लूट सरकारात जमा करावी लागायची आणि पुढच्या काळात पेंढाऱ्यांना पगारच नसायचा, लूट हाच पगार. "पेंढारी शब्दाचं मूळ मात्र नक्की नाही. तीन मतं आहेत आणि तिन्ही मला पटत नाहीत!"

मग त्यांनी वहीत अर्थ लिहिला आणि मोठ्याने वाचला : "लूट. युद्धात शत्रूचा मौल्यवान माल बळजबरीने नेणे."

"काय सुभेदार, बरोबर? आमच्यात लढाई बघितलेले तुम्ही एकटे."

सुभेदार बाहेर बघत होते. मान न वळवता म्हणाले, "तुमी ल्हिवलंय ते पुस्तकातलं हाय."

परांजपे एवढे हिरमुसले की त्यांनी त्या दिवशी तिघांना चुकून उशिराचा शेरा मारला.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत मशिनरीची पूजा असायची. बॉयलरची पूजा रोहेकर स्वतः करायचे. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, सगळं. नव्या मॅनेजरने एकदा विचारलं, "तुम्हाला चालतं?" तर म्हणाले, "पूजा तुमची, बॉयलर माझा. त्याला सणासुदीला उघडाबोडका कसा ठेवू?"

त्या संध्याकाळी बसमध्ये आपट्याची पानं वाटायची आमची पद्धत. दुसऱ्या दिवशी सुट्टी, मग सोनं आदल्या दिवशीच. मी सगळ्यांना दिलं, सुभेदारांपुढे धरलं. त्यांनी हात जोडले.

"नको."

"अहो, सोनं नको म्हणतं का कोणी?"

"लुटायचं सोनं मी घेत नाय, नलूताई."

परांजपे लगेच सरसावले. "ते नुसतं म्हणायला हो! पूर्वी दसऱ्याला शिलंगण करून फौजा मोहिमेवर निघायच्या, परतताना लूट आणायच्या, घरात ओवाळून घ्यायचे, म्हणून आपण पानांना सोनं लुटणं म्हणतो."

"तेच तर," सुभेदार म्हणाले.

मी भडकलेच. चिवड्याचा रागही होताच पोटात. "वर्षाचा सण, मी हातात पान धरून उभी आहे आणि तुम्ही नको म्हणता? आज कारण सांगितल्याशिवाय मी तुम्हाला गडबला उतरू देणार नाही!" आणि खरंच वाट अडवून उभी राहिले.

तेव्हा ते बोलले. बस हलत होती, इंजिनाचा आवाज, आम्ही तिघं पुढे वाकून ऐकत होतो.

"एकाहत्तरची लडाई. आमी हद्दीच्या पल्याड एका गावात शिरलो. गाव रिकामं. मानसं पळालेली. एका घराला कुलूप. आत कोन लपलंय का बघायचं, असा हुकूम. मी रायफलच्या बटानं कोयंडा उपटला. आत कोन नाय. चूल सारवलेली. गोधड्या घडी करून ठेवलेल्या. आनि कोपऱ्यात पान्याचा माठ. भरलेला. फडकं बांधून. मंजी बघा, परत यायच्या हिशोबानं गेलेली मानसं. मी काय नाय घेतलं. बाहेर आलो, फुडं गेलो. दुसऱ्या दिवशी त्याच वाटंनं परत आलो, तर घरात काय बी नाय. कोनी न्हेलं, आपल्यांनी का त्यांच्यांनी, ठाऊक नाय. गोधड्या नाय, भांडी नाय. माठसुदिक नाय. कुलूप तेवढं उंबऱ्याशी पडलेलं. ते मी उचललं."

रोहेकर म्हणाले, "पण सुभेदार, तुम्ही तर काही घेतलं नाय."

"दार मी उघडलं ना."

गडब आलं, मी वाट सोडली. ते उतरले. मग परांजप्यांनी वही काढली, 'शत्रूचा' हा शब्द खोडला, जरा थांबले आणि 'मौल्यवान'ही खोडला.

मी माझं पान पर्समध्ये परत ठेवलं. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी, खरंच सांगते.

*

पुढे रोहेकर इस्रायलला जायला निघाले. मोठा भाऊ तिकडे आधीच गेलेला. रिबकावहिनींचं मन नव्हतं, पण मुलीचं, रूथचं, शिक्षण तिकडे होईल म्हणून तयार झाल्या. रामवाडीच्या मागच्या आळीतलं त्यांचं कौलारू घर भावाभावांच्या नावावर होतं, कागदपत्रं व्हायची होती, म्हणून विकताही येईना. बरोबर न्यायला मोजून चार बॅगा.

निघायच्या आदल्या रविवारी रोहेकरांनी आम्हाला बोलावलं. दारात उभे राहून हसत म्हणाले, "या, या! मागच्या सीटवाल्यांनो, घर लुटा माझं! परांजप्यांच्या वहीतल्यासारखं. काय पाहिजे ते न्या, नायतर उंदीर नेतील."

वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला बोलू, हुरूपही चढला. परांजप्यांनी एक जुना जाडा कोश काखेत मारला आणि तिथेच वाचत बसले. माझा डोळा पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबावर. काय बंब होता! मी हातगाडीवाला बोलावला, बंब चढवून दोरीने बांधला. रिबकावहिनी स्वयंपाकघरात रडत रडत मला एकेक दाखवत होत्या. पितळेचं कातणं दाखवलं, करंज्या कातायचं. एवढंसं, सुबक, दांड्याला मोराची मान. "सासूबाईंचं हो," म्हणाल्या. मी बघायला हातात घेतलं. तेवढ्यात बाहेर आवाज चढला म्हणून तसंच पर्समध्ये टाकून धावले.

सुभेदार आले होते. गडबहून सायकलवर, घामाघूम. हातगाडीपुढे उभे.

"ह्ये काय चाललंय?"

"लूट!" रोहेकर म्हणाले.

"घर इकलं काय?"

"नाय. कागद व्हायचेत अजून."

"मंग घर हाय ना अजून? ज्याला घर हाय त्यानं सामान वाटायचं नसतं. उद्या परत आलास तर चा कशात पिशील? बसशील कशावर?"

"अरे बाबा, कोण येतोय परत!"

"तेनला पन तसंच वाटलं आसंल," सुभेदार म्हणाले. "तरी माठ भरून गेली."

मग सुभेदार आमच्याकडे वळले. "ठेवा. समदं जाग्यावर ठेवा."

काय सांगू! बंब उतरवला, हातगाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, कोश परांजप्यांच्या काखेतून अक्षरशः ओढून काढला. भांडी फळीवर, पाट भिंतीला. सुभेदारांनी फौजेत चार्ज घेतात तशी सामानाची यादी केली आणि दाराच्या मागे चिकटवली. मग सायकलच्या पिशवीतून कुलूप काढलं. जाडजूड, जुनं, पितळी, एकाहत्तरला त्या उंबऱ्याशी उचललेलं तेच. पेणच्या कुलूपवाल्याकडून त्यांनी त्याला दोन चाव्या करून घेतल्या होत्या. एक चावी रोहेकरांना दिली, एक स्वतःकडे ठेवली.

"घराला कोन हात नाय लावनार. मी हाय."

रोहेकरांनी चौकटीवरच्या त्यांच्या देवाच्या वचनांच्या नळीला बोटं लावून ओठांना लावली आणि सुभेदारांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

घरी येऊन मी पर्स उघडली. आत कातणं!

जो माणूस रोज गेटवर माझी पर्स उघडायला लावायचा, त्याने नेमकी त्या दिवशी बघितली नाही.

*

तुम्ही म्हणाल, मग परत का नाही दिलंस? अहो, दुसऱ्याच दिवशी ते लोक विमानात बसले. सुभेदारांना सांगायला बसमध्ये तोंड उघडलं की चिवड्याचा कागद आठवायचा. आज सांगू, उद्या सांगू करता करता दिवाळी आली. आणि मी पापिणीने त्याच कातण्याने करंज्या केल्या. छान कडा आल्या, सगळ्यांनी विचारलं कातणं कुठून आणलं!

सुभेदार दर रविवारी सायकलवर गडबहून पेणला यायचे. घर उघडायचे, झाडायचे, भांडी पुसायचे, आणि माठात ताजं पाणी भरून फडकं बांधायचे. जुनं पाणी तुळशीला. परांजप्यांनी विचारलं, "रिकाम्या घरात पाणी कोण पिणार?"

"येनारा," सुभेदार म्हणाले.

पावसाआधी कौलं चाळायला आम्हीही जायचो. परांजपे शिडीवर, मी खालून कौलं देणार, सुभेदार आढ्यावर. एकदा मी ठरवून कातणं पर्समध्ये घेऊन गेले. गुपचूप फडताळात ठेवायचं आणि सुटायचं. फडताळ उघडलं, हात आत घातला, आणि पाठीमागून आवाज : "काय शोधता नलूताई?"

"झुरळं झालीत का बघते!"

"झुरळ नाय या घरात. बघा की यादी, एक चमचा हललेला नाय." आणि त्यांनी अशा कौतुकाने ती यादी वाचून दाखवली की मी पर्स छातीशी धरून घरी आले. आता नवी वस्तू उगवली तर यादी चुकली असं होणार, आणि ती चुकली कशी हेही सांगावं लागणार. मी भित्री. कबूल आहे.

*

मग एकदा चोर आला. हो, खरोखरचा!

रविवारी सुभेदारांनी दार उघडलं तर आढ्याची चार कौलं सरकलेली, खाली मातीत पावलं. त्यांनी तडक मला आणि परांजप्यांना बोलावणं धाडलं. आम्ही पळत गेलो. सुभेदार यादी हातात घेऊन एकेक वस्तूवर बोट ठेवत होते. चेहरा पांढरा पडलेला. मी तसं त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

आणि काय सांगू, माझ्या मनात आलं : नलू, हीच वेळ! म्हण, वहिनींचं कातणं होतं इथे, ते दिसत नाही. चोराच्या माथी मार आणि मोकळी हो!

एवढ्यात यादी संपली. सगळं जागेवर! सुभेदार मटकन खाली बसले. मग त्यांचं लक्ष माठाकडे गेलं. फडकं सुटलेलं, पाणी अर्ध्यावर.

"पानी प्याला!" सुभेदार आनंदाने ओरडले. "नुसतं पानी प्याला आनि गेला बिचारा!"

एवढा खूश झालेला माणूस समोर असताना मी कुठल्या तोंडाने बोलणार? पुढच्या रविवारी त्यांनी माठाशेजारी एक पेला आणून ठेवला. "आलाच परत, तर ओंजळीनं कशाला पिल?"

आणि यादीत खाली लिहिलं : पेला एक, सुभेदाराचा.

*

पुढे आम्ही सगळे रिटायर झालो. रोहेकर तिकडेच वारले, पत्र आलं होतं. परांजपे आणि मी दोन दिवस नुसते फोनवर रडत होतो. सुभेदार मात्र रविवारी यायचेच, सायकल सुटली तेव्हा एसटीने.

आणि एका दसऱ्याच्या सुमारास माझ्या दारात रूथ उभी! केस कापलेले, डोळे थेट बापाचे. "नलूमावशी, कागद झाले एकदाचे. घर विकतेय. नवा मालक पाडून बिल्डिंग बांधणार."

मी परांजप्यांना बोलावलं, गडबला फोन केला. तासाभरात सुभेदार आले, पांढरा स्वच्छ शर्ट घालून. चावी खिशातच होती त्यांच्या, पण त्यांनी काढली नाही.

"तू उघड बाय. चावी हाय ना बापाची?"

रूथने पर्समधून चावी काढली, घातली, फिरवली. खट्! पहिल्या झटक्यात उघडलं. सुभेदारांनी तोंड दुसरीकडे केलं.

आत सगळं तस्संच. बंब चकचकीत. पाट भिंतीला. रूथने माठाचं फडकं सोडलं, पेला बुडवला आणि उभ्या उभ्या गटागटा पाणी प्याली. "काका, गार आहे हो," म्हणाली आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत मी सुभेदारांच्या चेहऱ्यावर तसं समाधान बघितलं नव्हतं.

मग तिने डोळे पुसले. "बाकी सगळं तुम्ही वाटून टाका. आईने मला एकच वस्तू आणायला सांगितलीय. आजीचं कातणं."



तिने फडताळ उघडलं. सोऱ्या, किसणी, झारे. पुन्हा बघितलं. "कुठाय?"

सुभेदारांनी दारामागची यादी काढली, चष्मा लावला, बोट फिरवत वाचली. "सोऱ्या एक. किसनी एक. झारे दोन..." परत वरपासून वाचली. "कातनं नाय. व्हतं काय?"

"होतं ना. आई म्हणाली, शेवटच्या दिवशी तिने हातात घेतलं होतं."

सुभेदार उंबऱ्यावर बसले. "मंजी गेलं," म्हणाले. "माज्या कुलपातनं गेलं."

मला ते बघवेना. चोरी कबूल करायची लाज वाटते म्हणून वीस वर्षं गप्प बसले होते मी, पण त्या माणसाचा तो चेहरा बघणं त्याहून वाईट होतं.

"माझ्याकडे आहे!" मी ओरडले. "कुलपातून नाही गेलं सुभेदार! तुम्ही कुलूप लावायच्या आधीच माझ्या पर्समध्ये होतं!"

आणि उत्तराला न थांबता धावत सुटले. दोन आळ्या टाकून माझं घर. या वयात, साडी सावरत! परत आले तर तिघंही होते तिथेच. मी कातणं रूथच्या हातात ठेवलं. तिने मोराच्या मानेवरून बोट फिरवलं आणि मलाच मिठी मारली. "आईला सांगेन, नलूमावशीने सांभाळलं."

परांजप्यांनी हळूच लाल वही काढली. "नलिनीबाई, विचारू का नको समजत नाही... 'बळजबरीने' खोडू?"

"खोडा!" मी म्हणाले, आणि भोकाड पसरलं.

रूथने दार ओढलं. कुलूप लावायची आता गरज नव्हती. सुभेदारांनी ते शर्टाच्या टोकाने पुसलं, रूथची आणि स्वतःची अशा दोन्ही चाव्या एकाच दोऱ्यात ओवल्या आणि चालायला लागले. मी मागोमाग. रामवाडीच्या स्टँडपर्यंत मी एकटीच बोलत होते, माफ करा, चुकलं, बंब आठवा, गडबड आठवा, काय काय. पर्समध्ये आपट्याचं पान होतं, पण ते पुढे करायची हिंमत झाली नाही.

नागोठण्याची एसटी लागली. ते चढले, खिडकीशी बसले. मग हात बाहेर काढला आणि ते कुलूप, चाव्यांसकट, माझ्या हातात ठेवलं.

"ठेवा आता तुमच्याकडं."

"मला कशाला? माझ्या दाराला आहे हो कुलूप!"

"तुमच्या दारासाठी नाय, नलूताई," सुभेदार म्हणाले, आणि कंडक्टरने बेल मारली.